झोप, मेंदू आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत काही बोलावे असा निरोप घेऊन चिटणीसबाई घरी आल्या, तेव्हा मी त्यांना स्पष्टच म्हटले की, भाषण करणे हे माझे काम नव्हे. तीस वर्षे मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले. चिठ्ठी वाचावी, औषध काढून द्यावे आणि सुटे पैसे परत करावेत, एवढीच माझी विद्या. त्या म्हणाल्या, "मग त्यावरच बोला. मंडळात हल्ली जी ती दुसरीला मॅग्नेशियमच्या गोळ्यांचं नाव सांगते आहे. कुणी म्हणते झोप लागते, कुणी म्हणते विसराळूपणा जातो. कोणती घ्यावी ते एकदा सांगून टाका." असा हा विषय माझ्या गळ्यात पडला. पण खरे सांगायचे तर त्याविषयी बोलावे असे माझ्या मनात दोन वर्षांपासून होते. का, ते पुढे सांगते.

झोप नाही ही तक्रार आपल्या सोलापुरात नवी नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीत. पूर्व भागात राहणाऱ्यांना मागांचा खडखडाट. आणि नळाच्या पाण्याची वेळ साधण्यासाठी वर्षानुवर्षे अवेळी उठलेली बाई पाणी यायचे नसले तरी त्या ठोक्याला जागी होतेच. त्यात पन्नाशीच्या आसपास अंगातून गरम वाफा निघू लागतात, ते निराळेच. अशा पुष्कळजणी दुकानात येत आणि म्हणत, "बाई, झोपेची गोळी नको, सवय लागती. ती मॅग्नेशियमची द्या, कोणती चांगली हाय ती." ह्या "कोणती चांगली" ला एका शब्दात उत्तर नाही.

मॅग्नेशियम हा एक धातू आहे. १८०८ साली इंग्लंडात हम्फ्री डेव्ही ह्या शास्त्रज्ञाने तो प्रथम वेगळा काढला. आपल्या सबंध शरीरात तो सुमारे पंचवीस ग्रॅम असतो, म्हणजे पाच चमचे मिठाइतका. त्यातला निम्म्याहून अधिक हाडांत, बाकीचा स्नायूंत व इतरत्र, आणि रक्तात शंभरातला एक भागही नाही. म्हणून रक्ताच्या तपासणीत आकडा बरोबर आला तरी शरीरातला साठा पुरेसा असेलच असे नाही. मेंदूच्या पेशींना चेतविणारी जी दारे असतात, त्यांतल्या काहींवर मॅग्नेशियम अडसरासारखे बसते आणि उगाच चेतना होऊ देत नाही. झोपेशी त्याचा संबंध जोडला जातो तो ह्यामुळे. तर्क चांगला आहे. पण तर्क निराळा आणि अनुभवाला येणे निराळे.

अनुभव काय सांगतो? झोप न येणाऱ्या वयस्कर माणसांवर झालेले प्रयोग २०२१ साली एकत्र करून पाहिले गेले. असे तीनच प्रयोग सापडले आणि त्यांत माणसे सगळी मिळून १५१. मॅग्नेशियम घेणाऱ्यांना सरासरी सतरा मिनिटे लवकर झोप लागली. एकूण झोप वाढली असे मात्र खात्रीने म्हणता आले नाही, आणि हा पुरावाही कच्चाच आहे असे तपासणाऱ्यांनीच लिहून ठेवले. सतरा मिनिटे! तासन् तास कूस बदलणारीला सतरा मिनिटेही थोडी नव्हेत, हे मी जाणते. पण बाटलीवर चंद्र-चांदण्या काढून जे वचन दिलेले असते, ते ह्याहून फार मोठे असते. रात्री पोटरीत गोळे येतात म्हणूनही पुष्कळजणी ह्या गोळ्या घेतात. वयस्कर माणसांत त्यासाठी त्यांचा फारसा उपयोग होत नाही, असे २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात दिसले आहे.

मेंदूचे म्हणाल, तर २०२३ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ब्रिटनमधल्या चाळीस ते त्र्याहत्तर वर्षांच्या सहा हजार माणसांची माहिती तपासली. ज्यांच्या रोजच्या खाण्यात मॅग्नेशियम अधिक, त्यांचा मेंदू वयाच्या मानाने कमी झिजलेला आढळला, आणि हा फरक स्त्रियांत अधिक दिसला. येथे "खाण्यात" हा शब्द लक्षात ठेवा. हा हिशेब अन्नाचा होता, गोळ्यांचा नव्हे. शिवाय जो भाजी-भाकरी नीट खातो तो इतर गोष्टीही नीट करीत असतो, तेव्हा सगळे श्रेय मॅग्नेशियमला देता येत नाही.

आता खाण्याचेच पाहू, कारण ह्या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेली मालदांडी तर सगळ्या महाराष्ट्राने उचलली. ह्या ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे १३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. बाजरी आणि कोंड्यासकट गहूही त्याच्याच आसपास. पॉलिश केलेल्या तांदळात मात्र जेमतेम वीस, आणि साबुदाण्यात नसल्यासारखेच. उपासाला आपण ज्याने पोट भरतो त्याची ही कथा! त्या मानाने राजगिरा कितीतरी सरस. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला १७० ते २०० मिलिग्रॅम, आणि तिळात त्याहून अधिक. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी करणाऱ्या आपल्या आज्यांना मॅग्नेशियम ठाऊक नव्हते, पण त्या दिवशी घरच्यांच्या पोटात ते भरपूर जात असे.

हिशेबच करावयाचा तर अमेरिकेत तिशीपुढच्या स्त्रीची दिवसाची गरज ३२० मिलिग्रॅम धरतात. साठ-पासष्ट ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ऐंशीच्या वर. दिवसभरात तीन भाकऱ्या, दोन चमचे शेंगाची चटणी, वाटीभर वरण, एवढ्यातच तो आकडा गाठला जातो, आणि पालेभाजी तर मी अजून धरलीच नाही. पोटात गेलेले सगळे अंगी लागत नाही हे खरे, परंतु गरजेचा आकडा तेही धरूनच ठरविलेला असतो. हल्ली सकाळी पाव-बिस्किट, दुपारी भात, रात्री मैद्याचे काहीतरी, आणि भाकरी "गावाकडे गेल्यावर", असे ज्या घरात झाले आहे, तिथे मात्र कमतरता पडू शकते.

एवढे करूनही कुणाला गोळी घ्यावयाचीच असेल, तर निवड कशी करावी? बाटलीच्या पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरांत असते ते वाचू नका. बाटली फिरवा आणि मागची बारीक अक्षरे वाचा. मॅग्नेशियम एकटे मिळत नाही. ते दुसऱ्या कशाला तरी जोडलेले असते, आणि त्या जोडीदारावर त्याचे वजन व त्याचा गुण अवलंबून असतो. ऑक्साइडमध्ये शंभरात साठ भाग मॅग्नेशियम असते. ती गोळी सर्वांत स्वस्त, पण आतड्यातून फार थोडी शोषली जाते आणि पोट मात्र साफ करते. सायट्रेटमध्ये सोळा भाग. शोषण चांगले, पण शौचास पातळ होते. ज्यांना बद्धकोष्ठ आहे त्यांना ते सोयीचेच. ग्लायसिनेट अथवा बिसग्लायसिनेट ह्यात चौदा भाग. ते पोटाला सोसते, म्हणून झोपेसाठी बहुतेक हेच सुचविले जाते. थ्रिओनेट ही सर्वांत महाग गोळी. तिच्यात आठच भाग मॅग्नेशियम. मेंदूत पोहोचते अशी तिची जाहिरात असते, पण तिचा पाया २०१० साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत आहे. माणसांवरचे प्रयोग थोडे आणि लहान. तिच्यासाठी दागिना मोडू नये असे माझे मत आहे.

म्हणजे "बिसग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम" असे लिहिलेले असले तरी त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम १४० मिलिग्रॅमच. हा प्रत्यक्ष आकडा लेबलावर "एलिमेंटल" ह्या शब्दाशेजारी असतो. तो जिथे छापलेलाच नाही ती बाटली परत फळीवर ठेवावी. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहावी. आणि दहा औषधी एकत्र कालविलेले "निद्रा मिश्रण" शक्यतो टाळावे, कारण काही सोसले नाही तर कशामुळे ते कळत नाही. अन्न सोडून नुसत्या गोळ्यांतून घ्यावयाच्या मॅग्नेशियमची मर्यादा अमेरिकेत दिवसाला ३५० मिलिग्रॅम धरतात, युरोपात २५०. शंभर-दीडशेपासून, रात्रीच्या जेवणानंतर सुरू करावे. महिन्या-दीड महिन्यात गुण दिसला नाही तर बंद करावे. झोपण्या-उठण्याच्या वेळा रोज वहीत लिहिल्या म्हणजे गुण आला की नुसता भास झाला, हे कळते.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. ही चूक माझी आहे, आणि दुकानात नव्हे, घरात झालेली आहे.

आमच्या वन्सं, माझ्या यजमानांच्या थोरल्या भगिनी, अडुसष्ट वर्षांच्या. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह. माझ्या उशाशी बाटली पाहून त्या म्हणाल्या, "अगं, मलाही दे की ती तुझी झोपेची गोळी." मी दिली. परक्या गिऱ्हाइकाला मी मूत्रपिंडाचे विचारल्यावाचून राहिले नसते. घरच्या माणसाला विचारावे असे सुचलेच नाही. त्यांचे क्रिएटिनिन वर्षभरात कुणी तपासले नव्हते. त्यात बद्धकोष्ठासाठी त्या रोज मिल्क ऑफ मॅग्नेशिया घेत होत्या. तेही मॅग्नेशियमच, पण ते माझ्या ध्यानात आले नाही. पंधरा दिवसांत त्यांना झोप लागू लागली. आम्ही सारे म्हटले, गुण आला. मग त्या दुपारीही झोपू लागल्या. मळमळ सुरू झाली, बोलणे मंदावले, आणि एके दिवशी पाण्याचा तांब्या त्यांच्याने उचलेना. तोपर्यंतही आम्ही त्याला म्हातारपणचा थकवाच म्हणत होतो. रुग्णालयात डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, तर पाय हललाच नाही. ते पाहिले आणि मला घाम फुटला, कारण त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

बाळंतिणीला रक्तदाब वाढून झटके येतात, त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन हे सर्वांत खात्रीचे औषध आहे. २००२ साली तेहतीस देशांतल्या दहा हजार गरोदर स्त्रियांवर झालेल्या पाहणीत, झटके येण्याचा धोका त्याने निम्म्यावर आला. आपल्यापैकी कितीजणींच्या लेकीसुना त्यामुळे वाचल्या असतील! पण ते देताना परिचारिका गुडघ्याची उडी, लघवी आणि श्वास पुनःपुन्हा तपासते, कारण मॅग्नेशियम प्रमाणाबाहेर साचले की आधी ती उडी जाते, मग श्वास मंद होतो. मूत्रपिंड चांगले असेल तर जास्तीचे मॅग्नेशियम लघवीवाटे जाते. वन्संचे ते जात नव्हते. शिरेतून कॅल्शियम द्यावे लागले, एकदा डायलिसिस करावे लागले. त्या वाचल्या. आजही मला त्या एका शब्दाने बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

म्हणून ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब पुष्कळ वर्षांचा आहे, किंवा ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे, त्यांनी क्रिएटिनिन पाहिल्याखेरीज व डॉक्टरांना विचारल्याखेरीज ह्या गोळीला हात लावू नये. पित्ताची व पोट साफ होण्याची जी औषधे घरात असतात, त्यांतही मॅग्नेशियम आहे का ते पाहावे. थायरॉइडची गोळी आणि ही, ह्यांत चार तासांचे अंतर हवे, नाही तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. काही अँटिबायोटिकांचेही तसेच आहे. उलट, पित्तासाठी रोज सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी जी गोळी वर्षानुवर्षे चालू राहते, तिने काहींच्या शरीरातले मॅग्नेशियम खरोखरच घटते. तसा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २०११ साली दिला आहे. अशा बाईने मॅग्नेशियमची बाटली आणण्याआधी ती पित्ताची गोळी अजून हवी का, हे डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक. रात्री अंथरुणावर पडले की पाय वळवळतात, ताणावेसे वाटतात, चालले की बरे वाटते, अशी तक्रार घेऊन एक विडीकामगार बाई माझ्याकडे तीन महिने मॅग्नेशियम नेत होती. शेवटी तिला म्हटले, बाई, रक्त तपासून ये. लोह अगदी कमी निघाले. पायांची ही अस्वस्थता पुष्कळदा लोहाच्या कमतरतेने येते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या चोपन्न स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. तेव्हा ही शंका आधी यावयास हवी होती, मला आणि तिलाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी ती आली ती झोपेचे सांगायला नव्हे, पोरीच्या खोकल्याचे औषध न्यायला. मीच विचारले, तेव्हा म्हणाली, "व्हय की, झोपते आता."

पुढच्या शनिवारी दुपारी चार वाजता मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्या घरी बाटल्या आहेत त्यांनी त्या आणाव्यात. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि असतील ते रक्ताचे रिपोर्टही आणावेत. लेबले आपण मिळून वाचू. अक्षर फार बारीक असते, चष्मा विसरू नका.