डोंगरसुद्धा झिजतात

उन्हाळ्यात आम्ही गटातल्या बाया डोंगरउतारावर समतल चर खणत होतो. कुदळ दगडावर खणखणली तशी एकीने विचारलं, "हे डोंगर झाले कसे?" सगळ्या गप्प! मग आम्ही पुस्तकं काढली.

भारताची भूमी सरकत सरकत आशियाला भिडली, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. गोधडी भिंतीकडे ढकलली की घड्या पडून वर येते, तसा हिमालय उठला. अजून उठतोच आहे. राजस्थानचा अरवलीही असाच घड्यांचा, पण शंभर कोटी वर्षांहून जुना. त्याला वर रेटणारा जोर कधीच संपला. ऊन, पाऊस, वारा मात्र थांबले नाहीत. आज त्याचं सर्वांत उंच टोक, माउंट अबूचं गुरुशिखर, १७२२ मीटर. एव्हरेस्ट ८८४८! म्हातारं माणूस वाकतं, तसंच म्हणा.

आपला सह्याद्री घड्यांचा नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस आला नि थरावर थर थिजला. कड्यांना पायऱ्या दिसतात, ते हेच थर. तो दगड कुजून मुरूम झाला, आणि त्यातूनच आपली काळी माती. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, अन् उघड्या उतारावरून ती एका वळवात ओढ्याला जाते.

आमच्या वरच्या दोन चरांत गाळ भरलाय. ती आपलीच माती. पावसाआधी उपसून शेतात टाकायची आहे. शनिवारी सकाळी या, घमेली आपापली आणा.