'मानभावी' या शब्दामागचा अन्याय



मराठीत 'मानभावी' असा एक शब्द आहे. वरून गोड आणि आतून कावेबाज अशा माणसाला तो लावला जातो. अग्रलेखात, सभागृहात, प्रतिपक्षाला झोडपताना तो सहज तोंडी येतो. हा शब्द 'महानुभाव' या पंथनामाचा अपभ्रंश होय, याची आठवण मात्र क्वचितच कोणास असते. ज्या पंथाने मराठी गद्याचा पाया घातला, त्याचे नाव मराठीतच ढोंगाला पर्याय ठरावे, ही साधी गोष्ट नाही. बुलढाणा जिल्ह्यात तर तिचा विचार अगत्याने व्हावयास हवा. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत मेहकर आणि लोणार ही गावे येतात. जिल्ह्याच्या सीमेलगत जाळीचा देव हे पंथाचे मोठे स्थान आहे.

नावाचीच शिवी करण्याची ही रीत केवळ महाराष्ट्राची नाही. १५२५ साली झुरिच शहरात काही प्रॉटेस्टंट मंडळींनी मांडले की, धर्म हा जाणत्या वयात स्वखुशीने स्वीकारावयाचा असतो आणि शासनाने त्यात हात घालू नये. अर्भकांना दिलेला बाप्तिस्मा त्यांनी अमान्य केला. विरोधकांनी त्यांना 'ॲनाबॅप्टिस्ट', म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, असे हिणवले. १५२७ मध्ये त्यांच्यातील फेलिक्स मान्झ यास लिमाट नदीत बुडवून ठार करण्यात आले. आणि ही शिक्षा दिली ती प्रॉटेस्टंट नगरसभेनेच. १५२९ मध्ये साम्राज्यसभेने या मताला देहदंड ठरविला. पुढे १५३४-३५ साली म्युन्स्टर शहरात त्यांच्यातील एका गटाने शस्त्राच्या बळावर जुलमी सत्ता चालविली. तिचे समर्थन कोणीही करू नये. परंतु त्यानंतर शतकानुशतके साऱ्या चळवळीची परीक्षा त्या एका शहरावरूनच झाली, आणि मेनो सायमन्सच्या मागे गेलेले हजारो अहिंसक अनुयायी विस्मृतीत गेले. २०१० साली जागतिक लुथरन महासंघाने या छळाबद्दल जाहीर क्षमा मागितली.

आता महानुभावांचा अपराध काय होता ते पाहू. तेराव्या शतकातील यादवकाळात चक्रधरांनी स्त्रियांना व शूद्रांना संन्यासाचा अधिकार दिला. स्त्रीचा विटाळ हा देहाचा एक साधा धर्म आहे, असे सांगितले. नागदेवाचार्यांनी धर्मग्रंथांसाठी संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरला, कारण सामान्य बायाबापड्या ज्ञानाला मुकू नयेत. महदाइसेचे 'धवळे' या वातावरणातूनच जन्मास आले. असंख्य देवतांची उपासना आणि व्रतवैकल्ये पंथाने नाकारली.

येथेच अर्थकारणाचा प्रश्न येतो. त्याच काळात यादवांचा मंत्री हेमाद्री 'चतुर्वर्गचिंतामणी'त शेकडो व्रतांचे व दानांचे विधान मांडीत होता. प्रत्येक व्रतामागे दक्षिणा, भोजन आणि दान यांची साखळी असते. व्रत नाकारणे म्हणजे या साखळीवर जगणाऱ्या वर्गाच्या उत्पन्नावर आघात करणे होय. चक्रधरांच्या छळाशी पंथाची परंपरा हेमाद्रीचे नाव जोडते, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. एंगल्सने १८५० मध्ये जर्मन शेतकरी युद्धावर लिहिताना दाखवून दिले की, त्या काळातील धर्माच्या भाषेमागे वर्गांचे हितसंबंध झगडत होते. तोच निकष येथेही लावून पाहिला पाहिजे.

विचाराला उत्तर देणे कठीण असते, तेव्हा चारित्र्यावर शिंतोडे उडविले जातात. पंथाच्या उत्पत्तीविषयी हीन दंतकथा रचण्यात आल्या. पुढे १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथातही अशा कथांना जागा मिळाली. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले होते. ग्रंथांचे पावित्र्य राखणे हा त्यामागील हेतू असेल. परिणाम मात्र असा झाला की शतकानुशतके फिर्यादीचीच बाजू लोकांसमोर राहिली आणि आरोपीची जबानी पेटीत बंद पडली.

ही पेटी विसाव्या शतकात उघडली. राजवाडे, भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने आदी संशोधकांनी हे वाङ्मय उजेडात आणले. त्यांच्या पंक्तीतील विष्णु भिकाजी कोलते हे याच जिल्ह्याचे. मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे १९०८ साली त्यांचा जन्म झाला. त्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. त्यातील काही लीळांवर खुद्द पंथीयांकडून तीव्र आक्षेप आले. संशोधकाची निष्ठा पुराव्याशी असते आणि ती मित्रालाही गैरसोयीची ठरू शकते, हेच यातून दिसते. एखाद्या चळवळीची बाजू घेणे म्हणजे तिची आरती करणे नव्हे. महानुभावांतही तट पडले, कर्मठपणा शिरला. ते सांगावेच, पण त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांच्या आधारे सांगावे.

आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, आणि २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. 'लीळाचरित्रा'चा गौरवाने उल्लेख होतो. तरीही त्याच भाषेत 'मानभावी' ही शिवी निर्वेधपणे चालू आहे. शब्दांवर बंदी घालून न्याय होत नसतो. परंतु शब्दकोशात त्या शब्दापुढे त्याचा इतिहास नोंदवावा, शाळेत तो शिकवावा, आणि निदान समतेचे नाव घेणाऱ्यांनी तरी समतेसाठी बदनाम झालेल्यांचे नाव शिवीसारखे वापरू नये, एवढी अपेक्षा मुळीच जास्त नाही.