रोजच्या वापराचें मनगटी घड्याळ
मुलगा वा मुलगी परीक्षा उत्तीर्ण झाली कीं मनगटावर घड्याळ बांधण्याची रीत पुष्कळ घरांतून आहे. बेताच्या पैशांत तें निवडतांना चकाकीस भुलूं नये. क्वार्ट्झ घड्याळांतील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो. त्यामुळें स्वस्त घड्याळहि महिन्याला सुमारें १५ सेकंदांहून सहसा अधिक चुकत नाहीं. किल्लीचें घड्याळ एका दिवसांतहि तितकें पुढें-मागें होऊं शकतें. तेव्हां अचूकपणासाठीं जादा पैसे न मोजतां ते टिकाऊपणासाठीं राखावे. '३० मीटर' हा शिक्का पाण्याच्या शिंतोड्यांपुरताच समजावा. पोहणाऱ्यानें '१०० मीटर'चें घ्यावें. सेल व पट्टा जवळच्या पेठेंत बदलून मिळतो कीं नाहीं, हें आधींच विचारावें. ज्याची दुरुस्ती होत नाहीं, तें स्वस्त घड्याळहि अखेर महागच पडतें.