दुसरं कुलूप लावलं, पण किल्ली कुणाकडे?

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटीच आहे. विषयही घरचाच आहे. आपल्या ऑनलाइन खात्याला पासवर्डच्या जोडीला दुसरं कुलूप कसं लावायचं, म्हणजे ते टू-स्टेप व्हेरिफिकेशन किंवा मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन म्हणतात ना, ते. नाव ऐकून भाग बंद करू नका हं. पाऊण तासाचं काम आहे, आणि त्यातही चहा होतो.

सुरुवात माझ्या आत्यापासून करते. तिला विचारूनच सांगतेय. म्हणाली, "सांग, फक्त माझा पासवर्ड सांगू नकोस." आत्या शाळेतून निवृत्त झालेली, मिरजेला एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी तिचा फोन आला, "अगं, माझा मेलच उघडेना. पासवर्ड चुकीचा म्हणतोय." मला वाटलं, टाइप करताना चुकत असेल. दुपारपर्यंत लक्षात आलं की पासवर्ड बदललाय, आणि तो तिने बदललेला नाही.

झालं होतं असं. नातीचं नाव आणि तिचं जन्मसाल, हा आत्याचा पासवर्ड. मेलला तोच, साड्या मागवायच्या साइटला तोच आणि वीजबिलाच्या खात्यालाही तोच. तो कुठून फुटला ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण ज्याच्या हाती लागला त्याने आधी मेल उघडला. मग खरेदीच्या साइटवर जाऊन 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. आता नवा पासवर्ड करायची लिंक कुठे येते? मेलवर. आणि मेल तर त्याच्याच ताब्यात! त्या खात्यात परत केलेल्या साड्यांचे साडेसहा हजार रुपये जमा होते. त्यांची गिफ्ट व्हाउचर घेतली गेली. बँकेचा ओटीपी मागितलाच गेला नाही, कारण पैसे बँकेतून नाही, त्या साइटच्या वॉलेटमधून गेले.

पैशांचं तिने फार मनाला लावून घेतलं नाही. पण आतोबांचे शेवटच्या तीन-चार वर्षांचे सगळे फोटो त्याच खात्यात होते. खातं परत मिळायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस ती रोज संध्याकाळी फोन करून एकच विचारायची, "फोटो असतील ना गं?"

फोटो होते. मिळाले. पण यातून पहिली गोष्ट काय शिकायची, तर कुलूप आधी मेलला लावायचं. बाकी सगळ्या घरांच्या किल्ल्या त्या एका खुंटीला टांगलेल्या असतात.

आता हे दुसरं कुलूप म्हणजे नेमकं काय? बँकेचा लॉकर आठवा. एक किल्ली तुमची, एक बँकेची, आणि दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. एक किल्ली चोरीला गेली तरी चोराला काही करता येत नाही. ऑनलाइन खात्याचंही तसंच. ओळख पटवायचे तीन प्रकार असतात. तुम्हाला ठाऊक असलेलं काहीतरी, म्हणजे पासवर्ड किंवा पिन. तुमच्याजवळ असलेलं काहीतरी, म्हणजे फोन किंवा कार्ड. आणि तुमचं स्वतःचं काहीतरी, म्हणजे बोटाचा ठसा, चेहरा. यातले दोन वेगवेगळे प्रकार हवेत. पासवर्ड आणि वर 'तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय' हा प्रश्न, हे दोन कुलपांचं काम नाही, कारण दोन्ही गोष्टी 'ठाऊक असलेल्या'च आहेत. एटीएम आपण कित्येक वर्षं वापरतोय, तिथे कार्ड अधिक पिन लागतो. झाले की दोन प्रकार!

कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना दुसरी तपासणी आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच सक्तीची केली. म्हणून ओटीपी आता घरोघरी माहीत आहे. पण मेल, खरेदीची साइट, व्हॉट्सॲप इथे तशी सक्ती नाही. तिथलं कुलूप बहुतेक वेळा आपलं आपणच लावायचं असतं.

बरं, आता माझी चूक सांगते. आजचा भाग खरं तर त्या चुकीमुळेच केलाय.

आत्याचं खातं परत मिळालं त्या रात्री मी मोठ्या उत्साहाने दुसरं कुलूप लावून टाकलं. आणि कोड यायला नंबर कुणाचा दिला? माझा! म्हटलं, ती कुठे कोडबिड बघत बसणार, मीच सांगेन फोनवर. आपण मुलं असंच करतो ना? 'तू राहू दे, मी करते.'

चार महिन्यांनी आत्याचा फोन पडून फुटला, तिने नवा घेतला. त्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणीला घेऊन ती दवाखान्यात गेली होती, आणि तिथे जिन्यात तिचाच पाय मुरगळून हाड मोडलं. काउंटरवर मेडिक्लेमचं कार्ड मागितलं. कार्ड मेलमध्ये. नव्या फोनवर मेल उघडायला गेली तर कोड मागितला. कोड आला माझ्या फोनवर, आणि मी विमानात, फोन बंद. दोन-अडीच तास ती व्हीलचेअरवर बसून होती. शेवटी शेजाऱ्यांनी पैसे भरले.

रात्री बोलणं झालं तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या घराला दुसरं कुलूप लावलंस ते बरं केलंस. पण किल्ली तुझ्या पर्समध्ये ठेवलीस."

मला काही उत्तर सुचलं नाही. कारण खरं होतं ते. चोराला बाहेर ठेवताना मी घरमालकिणीलाही बाहेर ठेवलं होतं.

मग पुढच्या शनिवारी मिरजेला गेले आणि सगळं पुन्हा केलं. या वेळी फोन तिच्या हातात, मी फक्त शेजारी बसले. आमच्या दोघींच्या त्या पाऊण तासाचा क्रम तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी बहुतेकांचा मेल गूगलचा असेल असं धरून चालते. इतरत्र शब्द थोडे बदलतील, रीत तीच.

एक. आधी पासवर्ड नवा, लांब आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला. आत्याने एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द निवडले. वहीत लिहून कपाटात ठेवले तरी चालतं. परदेशातला चोर मिरजेच्या कपाटापर्यंत येत नाही.

दोन. गूगल खात्यात 'सुरक्षा' विभागात जा. तिथे आधी आपलं खातं कुठल्या कुठल्या फोन-कॉम्प्युटरवर उघडं आहे ते बघा. अनोळखी किंवा विकून टाकलेला फोन दिसला तर तिथून साइन आउट करा. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर आणि मेल तुमचाच आहे ना, तेही बघा.

तीन. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. एसएमएसने कोड घेता येतो, आणि काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा. पण एसएमएस सिमकार्डाच्या मागे जातो. कुणी तुमच्या नावाने खोटी कागदपत्रं देऊन डुप्लिकेट सिम काढलं, तर कोड त्याच्याकडे जाणार. म्हणून फोनची रेंज कारण नसताना तासन्‌तास गेली तर लगेच दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा.

चार. जमत असेल तर ऑथेंटिकेटर ॲप घ्या. कॉम्प्युटरवर चौकोनी क्यूआर कोड दिसतो, तो ॲपने स्कॅन करायचा. त्यात एक गुपित असतं. तेच गुपित तिकडे सर्व्हरकडे, तेच तुमच्या फोनमध्ये. दोघं आपापल्या घड्याळात बघून साधारण दर तीस सेकंदांनी सहा आकडी नंबर काढतात, आणि तो जुळतो. कोड बाहेरून येतच नाही, त्यामुळे रेंज लागत नाही. कोकणात पावसाळ्यात गावी गेलेल्यांना आणि भारतातलं सिम बंद करून परदेशात राहणाऱ्यांना याचा मोठा उपयोग. फक्त फोनची वेळ बरोबर हवी, आणि त्या क्यूआर कोडचा फोटो कुणाला पाठवायचा नाही. तो ज्याच्याकडे, त्यालाही तेच नंबर मिळणार. जुना फोन विकण्याआधी ॲपमधली खाती नव्या फोनवर घ्या.

पाच, आणि हे वगळू नका: बॅकअप कोड. गूगल आठ आकडी दहा कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन हरवला, फुटला, तर हेच कामाला येतात. ते कागदावर घ्या. फोनमध्येच फोटो काढून ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार लावणं. आत्याने एक कागद एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवला आणि दोन कोड पर्समध्ये. त्यावर मेलचा पत्ता किंवा पासवर्ड लिहिलेला नाही.

सहा. साइन आउट करून तिनेच पुन्हा उघडून बघितलं. मी हात लावला नाही. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथलाही सहा आकडी पिन तिनेच लावला.

शेवटची गोष्ट. कुलूप कितीही चांगलं असू दे, आपण आतून दार उघडलं तर ते काय करणार? २०२२ मध्ये उबरसारख्या कंपनीत चोर असाच शिरला. कंपनीसाठी काम करणाऱ्या एकाच्या फोनवर 'तुम्हीच साइन इन करताय ना?' अशा विनंत्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या, आणि शेवटी त्याने एक मंजूर केली. म्हणून आपण काही उघडत नसताना असं विचारलं गेलं, तर 'नाही' म्हणायचं आणि पासवर्ड बदलायचा. कोड कुणी फोनवर मागितला, मग तो बँकेचा म्हणो, कुरिअरचा म्हणो की साहेब म्हणो, फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, तडक १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

तर या आठवड्याचा गृहपाठ. आपल्या मेलला दुसरं कुलूप लावा. आणि आईबाबा, काका, आत्या, ज्यांचं खातं तुम्ही सांभाळता त्यांच्या शेजारी जाऊन बसा. फोन त्यांच्या हातात द्या. वेळ लागेल, चुकतील, तुमचा हात शिवशिवेल. तरी मध्ये बोट घालू नका.

परवा आत्याचा मेसेज आला, आतोबांचा एक जुना फोटो. खाली लिहिलं होतं, "शेजारणीच्या कॉम्प्युटरवर उघडला. कोड माझा मीच टाकला. काम झाल्यावर साइन आउटही केलं."

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.