दाब उतरतो तिथे

आजच्या स्नातक मित्रमैत्रिणींनो,

आपणा सर्वांचं मनःपूर्वक अभिनंदन. त्यातला निम्मा वाटा मागच्या रांगांत बसलेल्या आईवडिलांचा. फी भरायची तारीख तुमच्याआधी त्यांना आठवत होती.

अशा समारंभात पाहुण्यांनी एक वाक्य हमखास म्हणायचं असतं: प्रचंड दाबाखाली कोळशाचा हिरा होतो, म्हणून दडपणाला भिऊ नका. मी भूविज्ञानाचा शिक्षक आहे, मला हे वाक्य म्हणता येत नाही. एक तर निसर्गातले हिरे कोळशापासून होत नाहीत. आणि मुळात हिरे असतात तरी किती? पृथ्वीचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग सागरतळाचा आहे. तो बेसाल्टचा बनलेला आहे, आणि हा बेसाल्ट दाब उतरल्यामुळे जन्माला येतो.

जगातल्या सगळ्या महासागरांच्या तळाशी मिळून सुमारे 65,000 किलोमीटर लांबीची एक पर्वतरांग आहे. तिच्या माथ्यावर दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत असतात. खाली प्रावरणाचा खडक तेराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असूनही घनच असतो, कारण वरचा भार त्याला वितळू देत नाही. भूपट्ट सरकले की हा खडक अतिशय संथपणे वर येऊ लागतो. वर येताना त्याचं तापमान फारसं घटत नाही, दाब मात्र घटत जातो, आणि एका खोलीवर तो वितळायला लागतो. स्वयंपाकघरात हे आपण रोज पाहतो. कुकरमधलं पाणी शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं. गॅस बंद करून शिटी उचलली, तरी ते उसळून उकळतं. जास्तीची उष्णता कोणी दिली नाही, फक्त दाब काढून घेतला.

सगळा खडक वितळत नाही. साधारण दहावा हिस्सा वितळतो. जे घटक कमी तापमानाला वितळतात ते आधी सुटतात, म्हणून या शिलारसाची घडण मूळ खडकाहून वेगळी असते. तो हलका असल्याने वर चढतो. काही शिलारस खाली साचून सावकाश निवतो आणि मोठ्या स्फटिकांचा गॅब्रो नावाचा खडक होतो. काही उभ्या भेगांत गोठतो. त्याच्या भित्ती एकमेकींना खेटून उभ्या राहतात. उरलेला तळावर येतो, गोठणबिंदूच्या जवळ असलेल्या पाण्याला भिडतो, त्याची साल तत्काळ थिजते आणि गोलसर उशी-लाव्हा तयार होतो. हे तीन थर मिळून सहा-सात किलोमीटर जाडीचं महासागरीय कवच होतं. ते पाहायला पाणबुडीच हवी असं नाही. मस्कतमध्ये नोकरीला जाल तेव्हा शहरामागचे उघडेबोडके डोंगर नीट पाहा. तो वर ढकलला गेलेला जुना सागरतळ आहे.

या पर्वतरांगेचा एक भाग आपल्या अरबी समुद्रात आहे: कार्ल्सबर्ग रांग. 1928 ते 1930 या काळातल्या ज्या डॅनिश सागरी मोहिमेत ती सापडली, तिला कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रतिष्ठानाने पैसा पुरवला होता, म्हणून हे नाव. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता. त्यानंतर भूगर्भीय हिशेबात थोड्याच काळात भारत आणि सेशेल्स यांची फारकत झाली, आणि त्या फटीत ही रांग तेव्हापासून नवा तळ घडवते आहे, सध्या वर्षाला जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर.

1962 साली ब्रिटिश जहाज ‘ओवेन’ने याच रांगेवर चुंबकीय मोजणी केली. ती नोंद घेऊन जहाजावरचे भूवैज्ञानिक ड्रमंड मॅथ्यूज केंब्रिजला परतले आणि त्यांनी ती फ्रेड व्हाइन या आपल्या नव्या संशोधक विद्यार्थ्याच्या हाती दिली. बेसाल्ट निवताना त्यातली लोहयुक्त खनिजं त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात, आणि ते क्षेत्र अधूनमधून उलटतं. तळ जर खरोखर रांगेपासून दोन्ही बाजूंना सरकत असेल, तर सरळ आणि उलट चुंबकत्वाचे पट्टे आलटूनपालटून दिसले पाहिजेत. सप्टेंबर 1963 मध्ये दोघांचा लेख ‘नेचर’मध्ये आला. व्हाइन तेव्हा चोवीस वर्षांचे होते. इथल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावं, आणि मार्गदर्शकांनी त्याहून अधिक.

हाच विचार त्याच वर्षी कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनी स्वतंत्रपणे मांडला होता. दोन नियतकालिकांनी तो नाकारला. असलं काही मेजवानीतल्या गप्पांत शोभेल, असा एका परीक्षकाचा शेरा होता. त्याआधी 1952 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत मेरी थार्प यांना खोलीच्या नोंदी कागदावर उतरवताना अटलांटिकमधल्या रांगेच्या माथ्यावर लांबच लांब खचदरी दिसली. त्या काळी स्त्रियांना संशोधन-जहाजावर पाऊल ठेवता येत नसे. सहकारी ब्रूस हीझेन यांनी ‘बायकी गप्पा’ म्हणून तो निष्कर्ष बाजूला सारला. पुढे भूकंपांची केंद्रं नेमकी त्याच दरीत पडलेली दिसली, तेव्हा त्यांना मान्य करावं लागलं.

दगडाचा नियम माणसांना जसाच्या तसा लावू नये, हे मला कळतं. परीक्षेची तारीख, कर्जाचा हप्ता, घरच्यांची आशा ही ओझी तुमची तुम्हालाच उचलायची आहेत. पण व्हाइन, मॉर्ली आणि थार्प या तिघांचे अनुभव शेजारी ठेवा. बुद्धी तिघांकडेही होती, पुरावाही होता. मोकळीक मात्र एकालाच मिळाली, आणि ती देणारा माणूस त्याच्याहून वरच्या जागेवर होता.

आजवर तुम्ही दाब सोसणाऱ्यांत होता. उद्यापासून तुम्ही तो टाकणाऱ्यांतही असाल. कोणी मुख्याध्यापक व्हाल, कोणी विभागप्रमुख, कोणी तहसीलदार, आणि बहुतेक सगळे आईबाप. तुमच्यासमोर कोणी कनिष्ठ माणूस एखादा नकाशा, आकड्यांचा तक्ता, न पटणारी कल्पना घेऊन उभा राहील. ती खोडायची तर पुराव्याने खोडा. ती आणणाऱ्याचं वय, बाईपण, जात, इंग्रजीचे उच्चार यांवरून खोडू नका. आणि तुमच्याकडची मोजणी कुलपात ठेवू नका, ती त्याच्या हाती द्या. दहांपैकी नऊ वेळा काही निघणार नाही. तरीही द्या, सागरतळ त्या उरलेल्या दहाव्या हिश्श्यातूनच झालेला आहे.