काचेचा धागा आणि आपला निधी

(रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



लिथियम नायोबेट, इंडियम फॉस्फाइड ही नावे आपल्या संमेलनात आजवर कधी उच्चारली गेली नसतील. परंतु आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीतील काही रक्कम असल्या पदार्थांवर चालणाऱ्या कंपन्यांच्या भागांत गुंतवावी, अशी सूचना काही तरुण सभासदांनी केली असून ती उद्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाची आहे. तेव्हा हे पदार्थ काय आहेत हे आधी समजून घेणे प्राप्त आहे.

आपल्यापैकी कित्येकांची मुले नव्या मुंबईत, ऐरोली-महापे भागात नोकरीस आहेत. तेथे डेटा सेंटर म्हणून ज्या प्रचंड इमारती उभ्या आहेत, त्यांत हजारो संगणक अहोरात्र एकमेकांशी बोलत असतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामी हे संभाषण इतके वाढले आहे की तांब्याची तार थकली. एका तारेतून सेकंदाला २०० अब्ज चिन्हे पाठवावयाची झाल्यास ती एकदोन मीटरांपलीकडे नीट पोहोचत नाहीत. म्हणून विजेचे काम प्रकाशाकडे द्यावे लागते.

प्रकाश वाहून नेणारी काच ही मोठ्या तपश्चर्येची वस्तू आहे. खिडकीची काच हातभर जाड घेतली तर पलीकडचे सारे हिरवे दिसू लागेल. १९६६ साली चार्ल्स काव ह्यांनी असे प्रतिपादन केले की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश जाईल. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तशी काच करून दाखविली. आजच्या साध्या धाग्यातून रत्नागिरीहून निघालेला प्रकाश पावसला पोहोचला तरी जवळजवळ निम्मा शिल्लक असतो! आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज्‌ ही कंपनी काचेचा दांडा घडवून त्यापासून केसासारखा धागा ओढते. आता तर पोकळ धागा निघाला आहे. काचेपेक्षा हवेतून प्रकाश सुमारे दीडपट वेगाने धावतो, हे त्याचे मर्म. तो बनविणारी लुमेनिसिटी ही इंग्लंडमधील कंपनी २०२२ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली.

परंतु खरी चुरस धाग्याच्या दोन टोकांशी आहे. विजेचा संकेत प्रकाशावर उमटविण्यासाठी एक झडप लागते. लिथियम नायोबेटच्या स्फटिकावर विजेचा दाब बदलला की त्यातून जाणाऱ्या प्रकाशाची गती किंचित बदलते. त्याचा पातळ थर सिलिकॉनवर बसवून अतिवेगवान झडप करता येते. कोणी तेच काम बेरियम टायटॅनेटकडून, तर कोणी प्लास्टिकच्या जातीच्या बहुवारिकांकडून करून घेऊ पाहत आहे. सिलिकॉन स्वतः प्रकाश देण्यास असमर्थ, म्हणून दिवा इंडियम फॉस्फाइडचा. आणि त्या पदार्थाच्या निर्यातीवर चीनने फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध घातले.

पैसा ह्या दिशेने धावत आहे, हे आमच्या तरुण मित्रांचे म्हणणे अगदी खरे आहे. लाइटमॅटर ह्या अमेरिकन कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ४० कोटी डॉलर उभे केले, डिसेंबरमध्ये आयर लॅब्जने साडेपंधरा कोटी. मात्र हाच धावा मी पूर्वी एकदा पाहिला आहे. जुलै २००० मध्ये जेडीएस युनिफेज कंपनीने प्रकाशयंत्रे बनविणारी दुसरी एक कंपनी सुमारे ४१ अब्ज डॉलरांना घेण्याचे ठरविले. पुढच्याच आर्थिक वर्षाचा तिचा तोटा ५० अब्जांहून अधिक निघाला. खुद्द कॉर्निंगचा भाग २००० साली ११० डॉलरांच्या वर होता, तो २००२ मध्ये दीड डॉलरच्याही खाली आला.

त्या लाटेत मीही होतो. भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन दूरसंचारातील एका कंपनीचे भाग मी घेतले. तिचे नाव सांगत नाही. दोष तिचा किती आणि माझ्या उतावळेपणाचा किती, हे मला आजही ठरविता येत नाही. मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी ते विकावयास काढले, तेव्हा पहिल्या सत्राचे शुल्कही भागेना. ते भागविले आपल्या ह्याच निधीने. (हा वृत्तान्त इतक्या तपशिलाने मी घरीही सांगितला नव्हता. आमचे कुटुंब समोरच बसले आहे. पुढचे पुढे पाहू.)

काच खोटी नव्हती, हे ध्यानात घ्या. तिची गरज पडेल हे भाकीतही खरे ठरले. परंतु गरज उशिरा आली, आणि तोवर ज्यांनी धागे पुरले ते बुडाले व ज्यांनी ते पडत्या भावात घेतले त्यांचे फावले. ह्या खेपेला गिऱ्हाईक बहुधा अधिक खरे आहे. पण ते मोजकेच, बलाढ्य आणि भाव पाडून घेणारे आहे. शिवाय झडपेच्या शर्यतीत कोणता पदार्थ टिकेल, हे त्यातले जाणतेही छातीठोकपणे सांगत नाहीत.

ज्या गावी १८५६ साली लोकमान्यांचा जन्म झाला, तेथे पैसाफंडाची आठवण न होणे अशक्य. अंताजी दामोदर काळे ह्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागितला, टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावी काचेचा कारखाना उभा राहिला. पैसा देणाऱ्याने लाभांश मागितला नव्हता. देशात काचकाम जाणणारी माणसे तयार व्हावीत, हा हेतू होता. आपला निधीही अशाच लहान लहान वर्गण्यांचा आहे, आणि जूनमध्ये शुल्काची पावती घेऊन येणाऱ्या मुलाला बाजार वर येईपर्यंत थांबा असे आपण सांगू शकत नाही.

स्वकमाईतून कोणी हे भाग घेऊ म्हणेल, तर त्याला अडविणारा मी कोण? निधीपुरती माझी उपसूचना एवढीच आहे : मूळ रकमेस हात लावू नये, आणि व्याजातून दरवर्षी दोन शिष्यवृत्त्या प्रकाशशास्त्र किंवा पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवाव्यात. उपसूचनेस अनुमोदक हवा आहे. ज्यांना पटेल त्यांनी आज रात्रीच्या भोजनापूर्वी चिटणिसांकडे नाव द्यावे.