दहा सेकंद आणि अठरा महिने



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे आम्ही बायकांच्या शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीवर बोलणार हे जाहीर झाल्यावर पुष्कळांना नवल वाटले असेल. आमच्या संघटनेतल्या मंडळींनाही ते वाटले. परंतु या शर्यतीच्या पोटात मजुरीचा एक जुना प्रश्न आहे, आणि मजुरीवर बोलण्याचा थोडाफार अधिकार आम्हांला आहे असे आम्ही समजतो.

ही शर्यत कतार देशातल्या दोहा शहरी, जागतिक अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत झाली. दिवस रविवार, 29 सप्टेंबर 2019. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तिथली हवा कशी असते ते सांगायला एकच गोष्ट पुरे. दोन रात्री आधी बायकांची मॅरेथॉन उकाड्यामुळे मध्यरात्री सुरू करावी लागली, आणि तरीही 68 जणींपैकी 28 जणींना ती पुरी करता आली नाही. खलिफा स्टेडियम मात्र यंत्रांनी थंड केलेले होते. आत गारवा भरपूर, प्रेक्षक थोडे. (त्या शहरातल्या इमारती आणि रस्ते भारत, नेपाळ, बांगलादेश इथल्या मजुरांच्या घामातून उभे राहिले आहेत. मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलण्याची मुभा त्यांना तेव्हा नव्हती; ती 2020 साली मिळाली. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.)

अंतिम फेरीत आठजणींची निवड झाली होती. हॉलंडच्या डाफ्ने स्किपर्सने माघार घेतली, तेव्हा सातच धावल्या. शंभर मीटरच्या शर्यतीत चूक दुरुस्त करायला वेळ नसतो. बार झाल्यापासून एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत जर पाय हलला, तर धावणारीने आवाज ऐकण्यापूर्वीच उडी घेतली असे पंच धरतात आणि तिला बाहेर काढतात. म्हणजे कान आणि पाय यांच्यामधला वेळसुद्धा तिथे मोजला जातो. आमच्या एखाद्या मुकादमाला हे यंत्र फार आवडले असते!

जमैकाची शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस ही त्या सातजणींत अंगाने सर्वांत लहान म्हणावी अशी; उंची जेमतेम पाच फूट. किंग्स्टन शहरातल्या वॉटरहाउस नावाच्या गरीब वस्तीत ती वाढली. आई रस्त्यावर किरकोळ माल विकून संसार चालवणारी. उंच बाईची ढांग लांब पडते. ठेंगणीने ती उणीव पावलांच्या झपाट्याने भरून काढायची असते. फ्रेझर-प्राइस पहिल्या तीस मीटरांतच पुढे गेली आणि मग कुणाला जवळ येऊ दिले नाही. वेळ 10.71 सेकंद. दुसरी आली ब्रिटनची डायना अ‍ॅशर-स्मिथ, 10.83, तिच्या देशाचा तो नवा विक्रम होता. तिसरी आयव्हरी कोस्टची मारी-जोझे ता लू, 10.90. पहिलीत आणि दुसरीत एका सेकंदाच्या बारा शतांशांचे अंतर. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण त्या वेगाने एवढ्या वेळात माणूस सव्वा मीटर जातो. या शर्यतीत तेवढे अंतर म्हणजे फारच झाले.

विजेतीचे वय त्या वेळी 32 होते. इतक्या वयात हे पद तोवर कुणा बाईने मिळवलेले नव्हते. आणि शर्यत संपल्यावर ती मैदानाला फेरी मारायला निघाली तेव्हा तिच्या कडेवर तिचा मुलगा होता. तो 2017 च्या ऑगस्टमध्ये जन्मला. म्हणजे बाळंतपणाला दोन वर्षे उलटली होती. यापूर्वी आई असलेल्या धावपटूने हे पद जिंकले होते ते 1995 साली, अमेरिकेच्या ग्वेन टॉरन्सने.

त्याच रात्री त्याच मैदानावर आणखी एक आई धावली. अमेरिकेची अ‍ॅलिसन फेलिक्स. दोन पुरुष आणि दोन स्त्रिया मिळून धावतात त्या चारशे मीटरच्या रिलेत तिच्या संघाने 3 मिनिटे 9.34 सेकंदांचा जागतिक विक्रम केला. या स्पर्धांमधले तिचे ते बारावे सुवर्णपदक; उसैन बोल्टची अकरा होती. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये, आठवा महिना संपण्यापूर्वीच, रक्तदाब धोक्याच्या पातळीवर गेल्यामुळे पोट उघडून तिचे बाळंतपण करावे लागले होते. त्या गोष्टीला पुरते एक वर्षही झाले नव्हते.

आता मजुरीकडे वळू. धावपटूला पगार कोण देतो? देश देत असेल असे आपल्याला वाटते. अमेरिकेसारख्या देशात मुख्यतः बुटांच्या कंपन्या देतात. आणि त्या करारांत एक कलम असते: ठरलेल्या स्पर्धा धावली नाही, क्रमांक घसरला, तर रक्कम कापायची. आमच्या भाषेत याला खाडा म्हणतात. ताप आला, पाय मुरगळला, मूल झाले, सगळे एकाच खात्यात. धावपटू ही कंपनीची नोकर नसते, स्वतंत्र कंत्राटदार असते. तिथे खाजगी नोकरीतल्या बायकांनाही पगारी बाळंतरजा देणारा देशव्यापी कायदा नाही. 1993 चा कायदा आहे तो बारा आठवड्यांच्या बिनपगारी रजेचा. मग कंत्राटदारणीला कोण विचारतो?

2019 च्या मे महिन्यात अलीशिया मोंटानो हिने हे वर्तमानपत्रातून उघड केले. आठ महिन्यांची गरोदर असताना राष्ट्रीय स्पर्धेत आठशे मीटर धावलेली ही बाई. पाठोपाठ फेलिक्सनेही लिहिले: नाइकी कंपनी नव्या करारात आपल्याला पूर्वीपेक्षा सत्तर टक्के कमी देऊ पाहत होती, आणि बाळंतपणाच्या आगेमागे कामगिरी उतरली तर कापणार नाही एवढे लेखी मागितले असता नकार मिळाला. बोभाटा झाला. ऑगस्टमध्ये कंपनीने कबूल केले की गरोदरपणापायी सलग अठरा महिने रक्कम कापली जाणार नाही. दोह्याची शर्यत त्यानंतर दीडेक महिन्याने झाली. फेलिक्स तोवर ती कंपनी सोडून गेली होती.

हे कलम आमच्या ओळखीचे आहे. तयार कपड्यांच्या एका कारखान्यात आम्ही बोलणी करायला बसलो होतो. नगावर मजुरी. बाळंत होऊन परतलेल्या बाईचे नग दोन महिने कमी भरतात, अंगावर पाजायला ती उठते, म्हणून तिला खालच्या दरावर टाकलेले. मालकांचे वकील सांगत होते की यात बाई-पुरुष भेद काहीच नाही, जो कमी शिवेल त्याला कमी! नियम सर्वांना सारखा, पण मूल मात्र एकीलाच होते. हे त्यांच्या गळी उतरवायला आम्हांला चार बैठका लागल्या.

आणि हा वाद आपल्या मुलखाला नवा नाही. 1928 च्या जुलैमध्ये, ज्या महिन्यात अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका प्रथमच शंभर मीटर धावल्या त्याच महिन्यात, मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याच्या बिलावर चर्चा चालू होती. गरोदर आणि बाळंत बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे डॉ. आंबेडकरांनी तिथे मांडले. हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा हे त्यांनी मान्य केले. पण बाईच्या कामाचा नफा जो घेतो तो मालक यातून सर्वस्वी सुटू शकत नाही, असेही बजावले. 1929 मध्ये कायदा झाला, देशातला पहिला. 1961 मध्ये तो देशभर आला, आणि 2017 मध्ये बारा आठवड्यांचे सव्वीस झाले. नगावर, घरी बसून, कंत्राटावर राबणारी बाई मात्र बहुधा दाराबाहेरच राहिली. त्या बाबतीत तिची आणि फेलिक्सची जात एकच.

दोह्याच्या निकालानंतर पुष्कळांनी म्हटले, पाहा, आईसुद्धा जिंकते! आम्हांलाही आनंद झाला. पण हा युक्तिवाद हाती धरताना आम्ही बिचकतो. उद्या मालक म्हणेल, जी जिंकेल तिला देऊ. फ्रेझर-प्राइसच्या पायांत 10.71 होते म्हणून तिचा हक्क खरा ठरला काय? मग जी पहिल्याच फेरीत बाद झाली, तिचे मूल कुणी पोसायचे? अठरा महिन्यांचे ते कलम सुवर्णपदकाला चिकटवलेले नाही, यातच त्याची किंमत आहे.

फ्रेझर-प्राइस पुढेही धावत राहिली. 2022 साली अमेरिकेत यूजीन इथे, 35 व्या वर्षी, 10.67 सेकंदांत तिने शंभर मीटरचे पाचवे जागतिक अजिंक्यपद घेतले. 2025 च्या सप्टेंबरमध्ये टोकियोत ती या शर्यतीच्या अंतिम फेरीत शेवटची उतरली. वय 38, मुलगा आठ वर्षांचा. 11.03 सेकंद, सहावी आली.